पगाराची चिठ्ठी कशी वाचावी

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पगाराची चिठ्ठी येते. पूर्वी ती कागदाची असे. हल्लीं बहुधा मोबाइलवर येते. तिच्यावरचा अगदीं तळचा आंकडा पाहावा, घरभाडें, किराणा, दूध व शाळेची फी ह्यांची मनांतल्या मनांत वांटणी करावी आणि चिठ्ठी मिटावी, हीच सर्वत्र रीत आहे. वरच्या ओळी सहसा कोणी वाचीत नाहीं. ह्या लेखांत त्या वरच्या ओळी वाचण्याचा आमचा विचार आहे. आणि मुलांनीं तो वडील माणसांजवळ बसून, घरचीच चिठ्ठी समोर ठेवून वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

ह्यास निमित्त असें झालें. १ फेब्रुवारी २०२५ रोजीं अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन् ह्यांनीं अंदाजपत्रक मांडतांना असें जाहीर केलें कीं, नव्या करपद्धतींत बारा लक्ष रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर पडणार नाहीं. पगारदार माणसास तर ७५,००० रुपयांची ठराविक वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लक्षांवर जाते. ही बातमी वाचून मुलांच्या मनांत प्रश्न उभा राहतो, 'मग आमच्या बाबांच्या पगारांत किती भर पडली?' प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर चिठ्ठींत आहे, आणि पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या पट्ट्यांतील फार मोठ्या वर्गापुरतें तें उत्तर 'कांहींच नाहीं' असें आहे. कां, तें आतां पाहूं.

आधीं ह्या पट्ट्याविषयीं दोन शब्द. १९५४ सालीं पिंपरी येथें पेनिसिलीन तयार करण्यासाठीं हिंदुस्तान ॲंटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें; १९६६ सालीं टेल्कोनें, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनें, पुण्याचा कारखाना सुरू केला; आकुर्डीस बजाज ऑटो आली; आणि १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. चाकणची ओळख मात्र बराच काळ कांद्याच्या बाजाराची आणि फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेशीं झुंजविलेल्या किल्ल्याची होती. तेथें १९९९ नंतर एकामागून एक मोटारींचे व दुचाकींचे कारखाने उभे राहिले, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश व त्यांच्याहि पलीकडून माणसें कामास आलीं.

ह्या कारखान्यांत गाडीच्या जुळणीच्या पट्ट्यावर दोन माणसें शेजारीं उभीं असतात. दोघांच्या अंगांत सारखाच गणवेष, हातांत सारखींच हत्यारें. एक कायम कामगार असतो. त्याचा पगार संघटनेनें व्यवस्थापनाशीं केलेल्या वेतनकरारानें ठरतो. दुसरा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याचा पगार ठेकेदार देईल तो, आणि कायद्यानें ठरविलेल्या किमान वेतनाच्या आसपासचा. आम्ही जी चिठ्ठी वाचणार आहों ती ह्या दुसऱ्या माणसाची.

समजा, त्याचा एकूण पगार महिना २०,८०० रुपये आहे. त्यांत मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये, आणि घरभाडें, प्रवास व इतर भत्ते मिळून ७,८०० रुपये. ही चिठ्ठी आम्हीं उदाहरणासाठीं रचली आहे. तिच्यांतील दर मात्र खरे आहेत.

वरच्या अर्ध्या भागांतील पहिली ओळ मूळ पगाराची. किमान वेतन किती असावें हें सरकार उद्योगाप्रमाणें व परिमंडळाप्रमाणें ठरवितें, आणि कामगारांचे कुशल, अर्धकुशल व अकुशल असे वर्ग करतें. ही पद्धति १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें घालून दिली. तो कायदा आतां २०१९ च्या वेतनसंहितेंत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. ह्या वेतनाला जोडून महागाईसाठीं जो भत्ता येतो, तो आपल्या राज्यांत जानेवारी व जुलै असा वर्षांतून दोनदां ग्राहक किंमत निर्देशांकावरून बदलत आला आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. महागाई भत्ता वाढला म्हणजे पगारवाढ झाली असें पुष्कळजण मानतात. वस्तुतः मागील वर्षीं जेवढी ज्वारी व जेवढें तेल येत होतें तेवढेंच ह्या वर्षींहि यावें, एवढीच त्या भत्त्याची मजल. माणूस त्यानें पुढें जात नाहीं. जागच्या जागीं टिकतो. खरी वाढ ती, जी महागाई वजा जातां उरते.

मूळ पगार व भत्ते हा भेद निव्वळ कारकुनी नव्हे. भविष्य निर्वाह निधि आणि नोकरी सोडतांना मिळणारी ग्रॅच्युइटी ह्यांची आकारणी मूळ पगार व महागाई भत्त्यावर होते. म्हणून वाढ जाहीर झाली कीं जाणता कामगार पहिल्यानें विचारतो, 'वाढ बेसिकमध्यें, कीं भत्त्यांत?' भत्त्यांत घातलेले पांचशें रुपये आज हातीं अधिक पडतात. मूळ पगारांत घातलेले पांचशें म्हातारपणीं कामास येतात.

आतां खालचा अर्धा भाग, वजावटीचा. पहिली वजावट भविष्य निर्वाह निधीची. १३,००० वर शेंकडा १२ प्रमाणें १,५६० रुपये. घरांतील मंडळी हिला कर समजतात. हा कर नव्हे. हा त्याच माणसाचा पैसा असून कारखानदारानें किंवा ठेकेदारानें आपल्या पदरचे तितकेच १,५६० रुपये घालावयाचे असतात. मालकाच्या हिश्श्यांतून सुमारें १,०८३ रुपये निवृत्तिवेतनाकडे जातात व उरलेले ४७७ कामगाराच्या खात्यांत पडतात. म्हणजे खात्यांत दरमहा २,०३७ रुपये, वर्षांत २४,४४४ रुपये. आणि २०२४-२५ सालासाठीं त्यावर शेंकडा ८.२५ व्याज ठरलें होतें. कांहीं ठेकेदार नव्या मुलास सांगतात, 'पी. एफ. कशाला कापायचा? हातांत जास्त घे.' हें बोलणें गोड लागतें. मात्र त्या दिवशीं तो मुलगा आपले १,५६० हातांत घेतो आणि दुसऱ्याचे १,५६० सोडून देतो, हें त्याला कोणी सांगत नाहीं. आणि कित्येकदां चिठ्ठीवर कापलेली रक्कम खात्यांत भरलेलीच नसते. खात्याचा बारा आंकडी क्रमांक जवळ असल्यास पासबुक मोबाइलवर पाहतां येतें. घरांतील नववी-दहावीच्या मुलानें हें काम दर तीन महिन्यांनीं करण्यासारखें आहे.

दुसरी वजावट कामगार राज्य विम्याची, शेंकडा पाऊण, म्हणजे १५६ रुपये. तिच्याविषयीं पुढें विस्तारानें लिहूं. येथें एवढेंच सांगतों कीं, १ जुलै २०१९ च्या आधीं हा दर शेंकडा पावणेदोन होता. त्या जुन्या दरानें आमच्या ह्या माणसाच्या पगारांतून ३६४ रुपये कापले गेले असते. म्हणजे महिन्यास २०८ आणि वर्षास २,४९६ रुपये सुटले. अल्प वेतनाच्या माणसाच्या हातांत सरळ पडलेली अलीकडच्या काळांतील ही एक स्पष्ट सवलत. पण बारा लक्षांच्या बातमीचा जेवढा गाजावाजा झाला त्याचा दहावा हिस्साहि तिच्या वांट्यास आला नाहीं. मालकाचा दरहि त्याच दिवशीं पावणेपांचावरून सव्वातीनावर आला, म्हणजे त्याचे महिना ३१२ रुपये सुटले. सवलतींतला मोठा वांटा कोणाला मिळाला, हें गणित येणाऱ्या मुलास सांगावयास नको.

तिसरी वजावट व्यवसाय कराची, २०० रुपये. फेब्रुवारीच्या चिठ्ठींत ती ३०० होते, आणि मग घरीं 'ह्या महिन्यांत शंभर कमी कां?' अशी विचारणा होते. ११ महिने दोनशें व एक महिना तीनशें मिळून वर्षाचे २,५०० रुपये व्हावेत, एवढेंच त्याचें कारण. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें ह्या करास वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे.

ह्या कराची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. १९७२ सालीं महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गुरें छावण्यांत गेलीं, आणि लाखों माणसें खडी फोडावयास व बांध घालावयास निघालीं. 'काम मागेल त्याला काम' ह्या तत्त्वावर उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्या काळांत राज्यभर पसरली. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे हे तिचे प्रणेते. तिला पैसा कोठून आणावयाचा? १९७५ सालीं राज्यानें व्यवसाय कराचा कायदा केला. शहरांत ज्याला नियमित पगार आहे त्यानें थोडें द्यावें, त्यांत सरकारनें तितकीच भर घालावी, आणि त्या पैशानें खेड्यांतल्या उपाशी हातांना काम द्यावें, अशी ती योजना होती. १९७७ सालीं हमीचाच कायदा झाला. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांचे आजे-आज्या बीड, धाराशिव, लातूर, जालना ह्या भागांतले आहेत. त्यांनीं पाझर तलावाच्या कामावर जी मजुरी घेतली, तिच्यांत पिंपरीच्या कारखान्यांतल्या कुणा फिटरचे चार रुपये असतील. आज त्याच घरांतला नातू चाकणला पाळीवर जातो व त्याच्याहि चिठ्ठींतून तो कर कापला जातो.

हेतु उत्तम; पण आकारणीची घडण आतां जुनी झाली आहे. पुरुष कामगारास महिना ७,५०० रुपयांपर्यंत हा कर नाहीं. त्यापुढें १०,००० पर्यंत १७५ रुपये. आणि १०,००० च्या वर सर्वांस सरसकट २००. येथेंच घोटाळा आहे. महिना १२,५०० मिळविणारा हेल्पर वर्षाला २,५०० देतो, म्हणजे कमाईचे शेंकडा १.६७, आणि महिना लक्ष रुपये मिळविणारा अधिकारीहि २,५०० च देतो, म्हणजे शेंकडा ०.२१. ७,५०० ची जी सूट कागदावर आहे, ती आज पूर्ण महिना भरणाऱ्या कारखान्यांतील कोणत्याहि पुरुषास लागूं पडत नाहीं. कारण किमान वेतनच तिच्या पलीकडे गेलें आहे. स्त्रियांच्या बाबतींत मात्र राज्य सरकारनें २०२३ सालच्या अंदाजपत्रकांत सुधारणा केली. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीस हा कर नाहीं; पूर्वी ही मर्यादा १०,००० होती. वायरिंग हार्नेस जोडणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या, कँटीनमध्यें राबणाऱ्या आपल्या किती माता-भगिनींस ह्यायोगें वर्षाचे २,५०० रुपये वांचले! स्त्रियांचीं वेतनें सामान्यतः कमी असतात, म्हणून आरंभ तेथून झाला हें योग्यच. पण शेजारच्या यंत्रावर तेवढ्याच पगारांत उभ्या असलेल्या पुरुषाची मर्यादा ७,५०० वरच कां खिळून राहावी, ह्याचें समर्थन आम्हांस सुचत नाहीं.

आणखी एक किरकोळ वजावट जून व डिसेंबर ह्या दोन महिन्यांत दिसते: कामगार कल्याण निधीचे २५ रुपये. त्यांतून चालणाऱ्या कल्याण केंद्रांत शिवणवर्ग, वाचनालयें व बालवाड्या असतात. कामगारांच्या नाट्यस्पर्धाहि त्याच मंडळाच्या. घरांत कोणी नाटकवेडे असतील तर त्यांना हे २५ रुपये जड वाटणार नाहींत.

जून-डिसेंबर सोडून बेरीज करूं. १,५६० अधिक १५६ अधिक २००, एकूण वजावट १,९१६. हातीं येणारी रक्कम १८,८८४. आणि प्राप्तिकराची ओळ? ती चिठ्ठींत आहे, पण तिच्यासमोर शून्य आहे. २०,८०० ची बारानें गुणाकार केलेली रक्कम २,४९,६०० होते. जुन्या पद्धतींतसुद्धां अडीच लक्षांपर्यंत कर नव्हता. ज्यानें कधीं दिलाच नाहीं त्याला परत काय मिळणार? महिना ८०,००० मिळविणाऱ्या जुन्या कायम कामगाराचें मात्र तसें नाहीं. वर्षाचे ९,६०,००० मधून ७५,००० वजा जातां ८,८५,००० उरतात. २०२४-२५ च्या नव्या पद्धतीच्या दरानें त्यावर अधिभारासह ४०,०४० रुपये कर होत होता. २०२५-२६ मध्यें तो शून्य झाला. म्हणजे महिना तीन हजारांहून अधिक. त्याच्या घरीं आनंद झाला असेल तर तो अगदीं खरा आहे. शेजारीं उभ्या असलेल्या ठेकेदारी कामगाराच्या घरीं ती बातमी केवळ बातमी राहिली.

ह्यावरून एक गोष्ट निघते, आणि ह्या लेखांत सांगावयाची मुख्य गोष्ट तीच. कर कमी करून माणसाला तेवढेंच देतां येतें जेवढें त्याच्याकडून घेतलें जातें. आमच्या ह्या चिठ्ठींत खरा कर म्हणावा असे २०० रुपये आहेत. उद्यां सरकारनें अत्यंत उदार होऊन तेहि सोडले, तरी १८,८८४ चे १९,०८४ होतील. त्यापुढें करमाफीचा हात पोंचत नाहीं. पुढचें जें काय व्हावयाचें तें चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्यांत, म्हणजे वेतनांत, झालें पाहिजे.

पण वेतन वाढलें म्हणजे सर्व कांहीं साधलें असेंहि नाहीं. आणि येथें आम्ही विम्याच्या ओळीकडे परत येतों. कामगार राज्य विमा योजना ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्याच्यासाठीं, अशी मर्यादा जानेवारी २०१७ पासून ठरली. तत्पूर्वी २०१० सालीं ती १५,००० व २००६ सालीं १०,००० केली होती. ह्या योजनेंत कामगारावर, त्याच्या बायकामुलांवर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांवर उपचार होतात. चिंचवडला मोहननगरचें रुग्णालय ह्याच योजनेचें. आजारपणांत वर्षांत ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या शेंकडा ७० भत्ता मिळतो. स्त्रीस बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. प्रेसखालीं बोट सांपडण्याचे प्रसंग ज्या भागांत नित्याचे आहेत, तेथें अपघाताच्या भरपाईची किंमत काय सांगावी?

आतां समजा, आमच्या माणसास ५०० रुपये वाढ मिळाली व ती भत्त्यांत घातली. पगार २१,३०० झाला. चालू सहामाही संपली कीं विम्याची वजावट थांबते. वजावट उरली १,५६० अधिक २००, हातीं १९,५४०. पूर्वीपेक्षां ६५६ रुपये अधिक! वर्षाचे ७,८७२. चिठ्ठी पाहणाऱ्यास हा दुहेरी लाभ वाटेल. परंतु त्या घरांत साखरेचा विकार असलेली आई आहे, दम्याचा मुलगा आहे, आणि आजपर्यंत त्यांचीं औषधें विम्याच्या दवाखान्यांतून येत होतीं. सात हजार आठशें बहात्तर रुपयांत वर्षभर चार-पांच माणसांचा दवाखाना चालवून दाखवावा, असें आव्हान आम्ही कोणासहि देऊं. शिवाय २०१५ सालीं बोनसच्या कायद्यांत दुरुस्ती झाली तेव्हां त्याच्या हक्काची सीमाहि नेमकी २१,००० चीच धरली होती. अशा स्थितींत एकादा कामगार 'साहेब, ही वाढ सध्यां राहूं द्या' म्हणाला, तर तो आळशी किंवा अडाणी नव्हे. त्यानें हिशेब केला आहे.

ह्यांत दोष वाढ देणाऱ्याचा नाहीं, घेणाऱ्याचाहि नाहीं. दोष त्या रेघेचा आहे. भाव चढतात, भत्ते चढतात, आणि रुपयांत आंखलेली रेघ मात्र वर्षानुवर्षें जागची हालत नाहीं. परिणामीं ज्यांच्यासाठीं सवलत ठेवली तींच माणसें एकेक करून तिच्याबाहेर पडतात, आणि त्यासाठीं विधिमंडळांत कोणास हात वर करावा लागत नाहीं. व्यवसाय कराची ७,५०० ची रेघ अशीच निरर्थक झाली. विम्याची २१,००० ची त्याच वाटेनें चालली आहे. महागाई भत्ता जसा निर्देशांकास बांधला आहे तशा ह्या रेघाहि बांधाव्या, असें आमचें मत आहे.

चिठ्ठींत न दिसणारा एक कर आहे. तो दुकानांत भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले. अंगाचा साबण, दांतांची पेस्ट, केसांचें तेल, बिस्किटें ह्यांवरील कर शेंकडा १८ वरून ५ वर आला. ज्या घरांत अशा मालावर महिना ५९० रुपये खर्च होत, तेथें तोच माल ५२५ रुपयांस यावयास पाहिजे. म्हणजे ६५ रुपये वांचावेत. दुकानदारानें व कंपनीनें सर्व फरक खालीं सोडला असेल तरच, हें अर्थात् गृहीत आहे. पुड्यावरची जुनी व नवी किंमत व वजन ताडून पाहावें. तुमच्या वह्या, पेन्सिली व खोडरबर ह्यांवरील कर तर सर्वस्वी गेला. आणि ३५० सी.सी. पर्यंतच्या मोटारसायकलीवरील कर २८ वरून १८ झाला. करापूर्वी ८०,००० किंमतीच्या गाडीवर ८,००० रुपये कमी. ज्या गाड्यांचे भाग चाकणचा हेल्पर दिवसभर जोडतो, त्यांतली एक विकत घेण्याच्या तो थोडा जवळ आला, हें ह्या सुधारणेचें श्रेय दिलेंच पाहिजे. प्राप्तिकराच्या सवलतीपेक्षां ही सवलत गरिबाच्या घरापर्यंत अधिक पोंचते. रक्कम लहान, पण तिला पगाराची पायरी लागत नाहीं.

घराच्या कराचीहि एक गोष्ट ह्याच पट्ट्यांतली आहे. कामासाठीं आलेल्या माणसांनीं चिखली, तळवडे, थेरगांव, काळेवाडी अशा भागांत अर्धा-एक गुंठा जागा घेतली व परवानगीवांचून दोन-तीन खोल्या बांधल्या. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अशा बांधकामांवर कायद्यानें मिळकतकराच्या दुप्पट शास्ती बसली. दोन हजारांच्या करावर चार हजार दंड, एकूण सहा हजार. आणि न भरल्यास थकबाकी वाढत जाणार. आधीं लहान घरांस सूट मिळाली, आणि मार्च २०२३ मध्यें राज्य सरकारनें पिंपरी-चिंचवडमधील ही शास्ती माफ केली. मूळ कर मात्र आधीं पूर्ण भरला पाहिजे, अशी अट घातली. शिस्तीनें कर्ज काढून कायदेशीर घर घेणाऱ्यास ही माफी खुपते, आणि त्याचें म्हणणें चुकीचें नाहीं. पण ज्या शहरानें कारखान्यास जागा दिली, रस्ते दिले, पाणी दिलें, त्यानें कामगारास परवडेल असें घर पुरेसें दिलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

राहतां राहिली वेतनवाढ. ह्या पट्ट्यांत ती कोणी ताटांत वाढून दिलेली नाहीं. सप्टेंबर १९८९ मध्यें टेल्कोच्या कामगारांनीं राजन नायर ह्यांच्या नेतृत्वाखालीं शनिवारवाड्यापाशीं उपोषण केलें. २५ जून २०१३ पासून सुमारें पन्नास दिवस चाकण येथील बजाज ऑटोच्या कामगारांनीं काम बंद ठेवलें. त्यांच्या मागण्यांत प्रत्येकास कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दरानें मिळावेत अशी एक नवीच मागणी होती. ती मान्य झाली नाहीं. तरी पगाराच्या चिठ्ठीपलीकडे, मालकीच्या कागदाकडे कामगाराची नजर गेली, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. पुष्कळ कारखान्यांत मात्र तीन-चार वर्षांनीं करार शांतपणें होतात, पेढे वांटले जातात, आणि रक्कम वर्तमानपत्रांत येते. त्या रकमेंत ठेकेदाराच्या माणसाचा वांटा बहुधा नसतो.

लहान कारखानदाराची बाजूहि ऐकली पाहिजे. भोसरींत चार यंत्रें घालून मोठ्या कंपनीला नगावर माल देणारा माणूस म्हणतो, 'माझ्या नगाचा भाव कंपनी ठरविते, पोलादाचा भाव बाजार ठरवितो, विजेचा सरकार ठरवितें. माझ्या हातांत फक्त मजुरी उरते.' हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. किमान वेतन वाढलें कीं नगाचा भावहि त्याप्रमाणें वाढावा, अशी अट मोठ्या कंपन्यांच्या खरेदी-करारांत असेल तरच ती वाढ त्या चार यंत्रांवरच्या माणसापर्यंत सुरळीत पोंचेल. अन्यथा ती चिठ्ठीवर दिसेल आणि रोख परत मागितली जाईल. असे प्रकार घडतात, हें कामगारांच्या घरांतील मुलांना आम्हीं सांगावें असें नाहीं.

शेवटीं एक उदाहरण सोडविण्यासाठीं देतों. एका भगिनीचा पगार महिना २४,८०० रुपये आहे. एप्रिलपासून तिला महिना ३०० रुपयांची वाढ मिळाली व ती सर्व भत्त्यांत घातली, त्यामुळें भविष्य निर्वाह निधीची वजावट पूर्वीइतकीच राहिली. व्यवसाय कराचे वर दिलेले नियम लावून एप्रिल ते मार्च ह्या बारा महिन्यांत तिच्या हातीं प्रत्यक्षांत किती रुपये अधिक आले, तें काढा. मग वाढ ३०० च्या ऐवजीं २०० असती, तर हेंच उत्तर किती आलें असतें, तेंहि काढा, आणि दोन्हीं उत्तरें शेजारीं लिहून वर्गांत दाखवा.